तीन बुड्यांचं निळं
भुजच्या बाजारात माझं दुकान आहे. दुरुस्त करून नव्यासारखे केलेले जुने फोन विकते. अजरखचं ठशांचं कापड रंगवणारे जुसबचाचा आले, कोपरापर्यंत निळे हात घेऊन. मी एकाच कंपनीचे दोन फोन पुढे ठेवले, एक पाच वर्षांपूर्वीचा, दुसरा दोन. “चाचा, डोळे मिटून हा नवा घ्या. फोटो बघतच राहाल.” चाचांनी डोळे मिटले नाहीत. खांद्यावरचा दुपट्टा घेऊन ते बाहेर उन्हात गेले, दोन्ही फोनवर त्याचा फोटो काढला आणि पडदे कापडाशेजारी धरून कितीतरी वेळ बघत राहिले. “याला मी निळीच्या हौदात तीन बुड्या दिल्यात. जुना फोन तीनच दाखवतो. नव्यात पाच दिसतात. वरच्या दोन कुणी दिल्या, पोरी, तू?” मला हसू फुटलं. “थोडं गडद दिसलं तर बिघडलं कुठे? गिऱ्हाईक पटकन हो म्हणेल.” “म्हणेल ना. आणि पार्सल उघडलं की मला खोटारडा म्हणेल. मागे मुलाच्या फोनवरून फोटो पाठवले, तर अठरा दुपट्टे परत आले.” दहा वर्षं फोन विकतेय, पण मला आधी काहीच फरक दिसेना. मग दिसला, आणि तो नवा फोन एकदम थापाड्या वाटायला लागला. चाचांनी जुना नेला. दुपट्टा मी मागून विकत घेतला. आता दुकानात कुठलाही फोन आला, की आधी त्याला त्या दुपट्ट्यासमोर उभं करते आणि विचारते, “बोल, बुड्या किती?”