दोनशे अकराच्या शेजारी

“दोन रात्री, तीन दिवस, सकाळचा नाश्ता फुकट!” बापाने अर्ज टेबलावर ठेवला आणि हॉटेल विकत घेतल्याच्या तोऱ्यात खुर्चीत बसला.

तो रंगारी होता. गेली चार वर्षं ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणत त्याने सहल पुढे ढकलली होती. यंदा मात्र हट्टाला पेटून महिनाभर चौकशा केल्या. डोंगर महाग, समुद्र त्याहून महाग, आणि साडेचार वर्षांच्या मुलीला घेऊन रात्रभर बसमध्ये बसायचं म्हणजे पोचायच्या आधीच जीव मेटाकुटीला यायचा. शेवटी तोडगा घरातच निघाला. बायको ज्या हॉटेलात खोल्या आवरायची, तिथे कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा निम्म्या दरात खोली मिळत होती. पोहायचा तलाव होता, त्याला निळी घसरगुंडी होती. घरापासून बसने वीस मिनिटं.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा!” तो म्हणाला. “तीन दिवस तू नुसतं लोळायचं. चादर दुसरी कोणीतरी बदलेल.”

“बदलेल, आणि मला शिव्या घालेल.” बायको दोरीवरून काढलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. हसतही होती. त्या निम्म्या दराचे पैसेसुद्धा तिनेच साठवले होते. कुठून, ते त्याने विचारलं नव्हतं. बायका कुठून कुठून साठवतात एवढं त्याला ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर तो खूश होता.

मुलगी टेबलाखालून वर आली आणि त्याच्या मांडीवर चढली. तिला घरात ‘भोंगा’ म्हणत. जन्मली तेव्हा अख्खी इमारत जागी केली होती म्हणे. अलीकडे मात्र भोंगा बराच शांत झाला होता. पाळणाघरातल्या बाईंनी छान वळण लावलं, असं बाप चारचौघांत कौतुकाने सांगायचा.

तो पेन काढून अर्ज भरायला लागला. प्रौढ, दोन. लहान मूल, एक, त्यापुढे छापलंच होतं: विनामूल्य. “आता खोली. बोला भोंगाबाई, कुठली लिहू?”

“दोनशे नऊ नको,” मुलगी म्हणाली. “तिथला नळ गळतो. आणि दोनशे दहामधले आजोबा सारखे खोकतात.”

बापाला हसू आवरेना. “अगं, तू घरी येऊन काय काय सांगतेस हिला! सगळं पाठ आहे.”

बायकोने पुढचा टॉवेल घडी घालायला ओढला.

“आपण माझ्या खोलीत राहू या,” मुलगी म्हणाली. “दोनशे अकराच्या शेजारी. तिला नंबर नाहीये. खिडकीपण नाहीये. पण चादरी आहेत खूप, मऊ मऊ. तू पाय दुमडलेस तर मावशील, बाबा.”

टॉवेलची घडी अर्धीच राहिली. बापाच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तिथेच होतं, त्याला ते काढून ठेवायचं सुचलंच नव्हतं.

“कसली खोली गं?” त्याने बायकोला विचारलं.

“अहो, आधी ऐकून घ्या.”

“ही पाळणाघरात असते ना?”

“दोन महिने होत आले. बंद केलं मी.” ती टॉवेलकडे बघत बोलत होती. “चादरींचं कपाट आहे मोठं. मी दार थोडं उघडं ठेवते. मधूनमधून येऊन बघते. पाणी ठेवते, चित्रांचं पुस्तक ठेवते...”

“अंधारात पुस्तक?”

ती एकदम उसळली. “तुम्हीच म्हणालात ना, यंदा नेणार म्हणजे नेणार? पोरीला रोज घसरगुंडीच्या गोष्टी सांगत होतात! ते पैसे काय आभाळातून पडणार होते?”

दोन महिने बाप रोज संध्याकाळी विचारत होता, आज बाईंनी काय शिकवलं, आणि मुलगी रोज सांगत होती, गप्प बसायला. तो रोज हसत होता. त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

“भांडू नका ना,” मुलगी म्हणाली. “मला येतं ते. थांब बाबा, दाखवते!” ती टुणकन खाली उतरली आणि पलीकडच्या खोलीत पळाली. अंथरुणांच्या कपाटाचा खालचा कप्पा उघडला, मिटला.

मग काहीच ऐकू येईना.

“भोंगा, बस झालं, बाहेर ये,” बापाने हाक मारली. दोनदा मारली. शेवटी जाऊन त्याने दार उघडलं. गोधडीखाली ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. त्याने गोधडी ओढली. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही तळवे तोंडावर. श्वाससुद्धा दिसत नव्हता. त्याचा हात खांद्याला लागला तशी ती आणखी आत सरकली.

“बाळा, मी आहे. बाबा आहे.”

ती हलली नाही.

“तशी नाही यायची ती.” बायको दारात उभी होती. ओठ चावून रडू दाबत होती. “दार लावा. तीनदा टकटक करा. त्याशिवाय कुणीही बोलावलं तरी यायचं नाही, असं सांगितलंय मी तिला.”

बापाने कपाटाचं दार पुन्हा लावून घेतलं. बोट दुमडून हात वर नेला. तो इतका थरथरत होता, की त्याला भीती वाटली, तिनाच्या जागी चार वाजतील.