आजोबा कितवी शिकले?

गावातल्या तिन्ही शाळांच्या दप्तरांत आजोबांचं नाव सापडलं नाही, तेव्हा नातीने बंद पडलेल्या छापखान्याच्या नोंदी धुंडाळायचं ठरवलं.

घराण्याचा इतिहास लिहायला घेऊन तिला दोन वर्षं झाली होती. आजोबांवरचं प्रकरण सोडलं तर सगळं तयार होतं. सात पिढ्यांत शिकलेला पहिला माणूस म्हणजे आजोबा, असं घरात सगळेच छाती फुगवून सांगायचे. कितवी शिकले, हे मात्र कुणालाच धड ठाऊक नव्हतं.

शहाऐंशी वर्षांच्या आजीने तर तगादाच लावला होता. "माझे डोळे मिटायच्या आत त्यांचं प्रकरण मला वाचून दाखव गं बाई."

आजीला स्वतःला वाचता येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बँकेतही ती अंगठाच लावायची.

नातीच्या लहानपणीच्या सगळ्या संध्याकाळी एकसारख्या होत्या. सकाळी आलेला पेपर आजी घडी घालून ठेवायची आणि आजोबा कामावरून आले की त्यांच्या हातात द्यायची. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून चष्मा पुसायचे. आजी भाजी निवडता निवडता विचारायची, "पुलाचं काम पुन्हा अडलं असेल, नाही?"

आजोबा पान उलटायचे. "अडलंय ना! हे काय, आलंय इथे."

मग पूल, कंत्राटदार, मंत्री, सगळ्यांची खरडपट्टी निघायची. नात आजीच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत राहायची. तशी एक संध्याकाळ परत मिळाली असती, तर तिने आजही हातचं सगळं काम टाकून दिलं असतं.

छापखान्याच्या म्हाताऱ्या व्यवस्थापकाने कामगारांची नोंदवही झटकली आणि दोनदा शिंकून पान काढलं.

"हे तुमचे आजोबा. पस्तीस वर्षं कागदाची रिमं वाहिली त्यांनी. फार गोड माणूस."

"रिमं? खिळे जुळवायचे ना ते? मजकूर बसवायचे?"

"छे हो! त्याला वाचता यायला हवं." व्यवस्थापकाने एका रकान्यावर बोट टेकवलं. अक्षरओळख : नाही. मागच्या पानावर सहीच्या जागी अंगठा होता.

"अहो, पण ते आजीला रोज पेपर वाचून दाखवायचे!"

व्यवस्थापकाने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मग त्यांनी एक तर आम्हाला फसवलं असेल, नाहीतर तुमच्या आजीला."

घरी परतताना नातीला आधी राग आला. एवढी वर्षं बायकोच्या डोळ्यांत धूळ फेकायची म्हणजे काय! बातम्या छापखान्यातच कानावर पडत असतील, आणि घरी येऊन हा रुबाब. मग ती खुर्ची आठवली, पान उलटतानाचा तो ऐटबाज हात आठवला, आणि तिला रडूच कोसळलं. काही झालं तरी आजीला हे कळता कामा नये. दोन्ही पानांच्या झेरॉक्स तिने आणल्या होत्या; त्यातली अंगठ्याची तिने पिशवीच्या तळाशी दडवली.

आजी दारातच उभी होती. "सापडलं का गं?"

"सापडलं की! सातवी पास. तेही पहिल्या वर्गात."

"अगंबाई!"

"छापखान्यात खिळे जुळवायचे ते. मालकसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय काही छापत नसत." खोट्याला एकदा पाय फुटले की ते धावतच सुटतं.

आजीचा चेहरा नव्या नवरीसारखा खुलला. तिने हात पुढे केला. "कुठे लिहिलंय? दाखव बघू."

नातीने दुसऱ्या पानाची झेरॉक्स तिच्यापुढे धरली आणि दिसेल त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ, इथे. सातवी पास."

आजीने चष्मा लावला. बराच वेळ ती कागदाकडे बघत राहिली. मग डोळे पुसून तिने नातीचा हात हातात घेतला.

"पुस्तकात अस्संच लिही हं. हा कागद मात्र कुणाला दाखवू नकोस," ती हळूच म्हणाली. "तुझं बोट आहे ना, तिथे 'अक्षरओळख : नाही' असं लिहिलंय."