दीपमाळेचा मान

त्रिपुरी पुनवेला आमच्या देवळाच्या दीपमाळेवर चढून अगदी शेंड्यावरची पणती लावायचा मान आमच्या घराचा. आधी आजोबा चढायचे, मग बाबा, मग माझा चुलतभाऊ शिवा. गेल्या वर्षी तेल सांडून दगड निसरडा झाला होता. शिवा वरून पडला आणि जागीच गेला. यंदा पाळी बाबांच्या झिलाची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, मधूची होती.

"बाबा, औंदा मियां चढतंय," मी म्हटलं.

का नाही? लांब उडीत अख्ख्या शाळेत पहिली आलेली मी! स्वराज्य येऊन दहा वर्षं झाली, तरी चेडवांनी, मुलींनी आपल्या खाली बसून वाती वळायच्या? असं मोठं भाषणच मी तयार ठेवलं होतं. पण बाबा लगेच म्हणाले, "चढ गो बाय." भाषण फुकटच गेलं!

परकर खोचून मी सरसर वर गेले. शेंड्यावरची पणती पेटली तसा गाव ओरडला, "हर हर महादेव!" वरून बंदरातल्या होड्यासुद्धा दिसत होत्या. आमच्या घरातली पहिली मुलगी मी!

गलका थांबला. उतरायला मी पाय खाली सोडला, तेवढ्यात गुरवकाकांचा आवाज आला, "अण्णा, चेडवाक चढयलंस? देवाक चलात मां?"

"चलात," बाबा म्हणाले. "मान सोडून चलाचा नाय. आणि माका झील एकच आसा, चेडवां तीन."