दारातला म्हातारा

लेक आयुष अपघातात गेल्यावर रुपरावांनी त्याच्या कपाटातली, व्हिडिओ गेम कसे घडले ते सांगणारी पुस्तकं वाचायला घेतली आणि त्यांना चक्क गोडी लागली. "पाय वं, गेममधल्या एका उडीसाठी सहा महिने खपले हे पोट्टे!" असं ते बायकोला कौतुकानं सांगत.

नव्यानं विकत आणलेल्या एका पुस्तकात, आयुष टीमसोबत बनवत होता त्या गेमवर प्रकरण होतं, पण त्याचं नाव नव्हतं. गेम पूर्ण व्हायच्या आत गेलेल्यांची नावं देत नाहीत म्हणे. फक्त लिहिलं होतं, "दारात बसलेला एक म्हातारा हरून परतणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, 'जेवला का गा?' हा म्हातारा कोणी बनवला, याची नोंद नाही."



आयुषनं बँकेतली नोकरी सोडून गेम बनवायला घेतला, तेव्हापासून चार वर्षं रुपराव त्याच्याशी या एका प्रश्नापुरतंच बोलले होते.