पाण्यातला हात

नव्या फिशटँकमध्ये रोपं लावून झाली, तशी माशांची पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून मृण्मयी टॉवेल आणायला गेली. येऊन बघते तर तिचा तीन वर्षांचा ओजस स्टुलावर चढलेला, पिशवी धरायला हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि त्याचा हात लागून पाण्यातला विजेचा काचेचा हीटर तडकलेला.

ती जागीच थिजली. ओरडावं तर पोर दचकून हीटरच धरायचं. पाठमोऱ्या सासूबाईंना ती कशीबशी म्हणाली, "आई, हीटरचं बटण..."

"मघाशीच बंद केलंय," मटार सोलता सोलता त्या म्हणाल्या. "तू लावतेस, मी बंद करते. पाण्यात वीज सोडतं का कुणी?"

याच बटणावरून सकाळी ती त्यांच्यावर चिडली होती. लेकराला उचलून छातीशी धरत ती त्यांच्याजवळ बसली, एक शेंग उचलली. शेंग काही केल्या उघडेना.