देवगडची पेटी

चांगदेवच्या बायकोने, कमळीने, पापलेटं न्यायला सांगितली होती. होणाऱ्या व्याह्यांकडे मासळी घेऊन जायची, ही त्यांच्या वाशीगावातल्या कोळ्यांची रीत. पण चांगदेवला त्याचीच लाज वाटली. खारघरचा दहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, त्याच्या मुलाने, प्रणयने, पसंत केलेली मुलगी अर्थशास्त्रात एम.ए. करणारी. तिथे मासळीची पिशवी? त्याने पदरमोड करून देवगड हापूसची पेटी घेतली.

मुलीचे वडील आंब्याचे व्यापारी आहेत, हे त्याला लिफ्टमध्ये आठवलं. तोवर उशीर झाला होता.

हितेशशेठनी मात्र तोंडभरून स्वागत केलं. त्यांची मुलगी मिताली दातेरी कडा पाडणाऱ्या नक्षीदार कात्रीने पेपरातलं काहीतरी कापत होती. "अभ्यासाला लागतं, काका," ती हसून म्हणाली. फ्रिजवर अशी चारपाच कात्रणं चिकटवलेली होती. उरलेला पेपर तिने दाराजवळच्या गठ्ठ्यावर टाकला.

"रद्दीवाल्याला नाय देत?" कमळीने विचारलं.

"यांना लागते ना, मार्केटात गाळ्यावर," मितालीची आई निशिगंधा म्हणाली.

काहीतरी बोलायचं म्हणून चांगदेव फ्रिजवरचं वाचू लागला. "सर्वांत जास्त आंबा पिकवनारा देश..."

"आणि चांगला माल जातो बाहेर. उरलेला आपण खातो," मितालीने वाक्य पुरं केलं.

"खरा हाय. बंदरावर मीच कंटेनर चढवलेत." त्याला जरा बरं वाटलं. जमेल इथे आपलं.

जेवताना मितालीने पेटी उघडली आणि वरचा आंबा कापला. गर फिका होता. वास म्हणाल तर काहीच नाही. प्रणयने एक फोड खाल्ली आणि ताटाकडे बघत राहिला.

"कुठून घेतली?" हितेशशेठनी विचारलं.

"नाक्यावरच्या टेम्पोवाल्याकडून. पेटीवर देवगड लिवलंय."

"लिहायला काय जातं? हा कर्नाटकचा माल. हे लोक आतला कानडी पेपर काढतात, मराठी पेपर घालतात. कोणाच्या बापाला कळणार? अशांना मार्केटमधून हाकललं पाहिजे. यांच्यामुळे आमच्यासारख्यांचं नाव खराब होतं."

चांगदेवचे कान तापले. सोयरीक जोडायला आलो आणि खोटा माल घेऊन आलो. आता ही माणसं आपल्या प्रणयलाही त्याच नजरेने बघतील.

"माफ करा शेठ," तो कसाबसा म्हणाला. "मला कलला नाय."

"अहो, तुमची काय चूक? टेन्शन घेऊ नका," हितेशशेठ म्हणाले. पण त्यांनी आंब्याची वाटी बाजूला सारली, ते चांगदेवने पाहिलं. जमिनीने पोटात घ्यावं असं त्याला वाटलं.

मितालीलाच त्याची दया आली. "थांबा काका, खालचा थर चांगला असेल." ती एकेक आंबा बाहेर काढू लागली. तळाचा पेपर उचलला आणि तिचा हात थांबला.

पेपराच्या मधोमध एक चौकोन कापलेला होता.

कोणी काही विचारायच्या आत ती उठली. फ्रिजवरचं आंब्याचं कात्रण तिने काढून आणलं आणि वडिलांकडे न बघता त्या चौकोनात ठेवलं. कडेचा दात न् दात बसला.