दौलूची चाल

"पाठीची पट्टी काढ आन् गोठ्यापतुर जाऊन ये," गजराबाई पोराला म्हणाली.

"गोठ्यात काय हाय?"

"काय न्हाई. तू नुसता चाल."

सुभानचा बाप दौलू डावा खांदा पाडून डुलत चालायचा. पोरानंही तीच चाल उचललेली. दौलू गेला, तरी तो अंगणातनं चालतोच आहे असं गजराबाईला वाटायचं. मग कारखान्यानं गड्यांच्या पाठीला चाल सरळ करणारी पट्टी चिकटवली. सुभानची कंबरदुखी पळाली, पण आता सगळे गडी एकसारखेच चालतात.

सुभान समजला. पट्टी काढून त्यानं मुद्दाम खांदा पाडला आणि निघाला. चार पावलांत खांदा आपसूक वर आला.

"जमली का बाची चाल, आये?" त्यानं मागं न बघताच विचारलं.

त्या ताठ पाठीकडं बघत गजराबाई म्हणाली, "व्हय रं. अगदी ह्यांच्यावानी."